मनाचा आजार आणि आपली वाचा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



 

वर्धापनदिनाच्या भाषणात विहाराच्या कार्याचा आढावा घ्यायचा, देणगीदारांचे आभार मानायचे, तरुणांना दोन शब्द सांगायचे, अशी आपली रीत आहे. समितीची आमच्याकडून तीच अपेक्षा असणार. पण आम्ही विषय मागून घेतला. मानसिक आजार झालेल्या माणसाला आपण काय काय म्हणतो, आणि त्या म्हणण्याने काय होतं, यावर आम्हाला बोलायचं आहे. 'आम्ही' असं म्हणतो ते मोठेपणासाठी नाही. हा मजकूर आमच्या घरातल्या सगळ्यांनी बसून लिहिला आहे. वाचून दाखवण्याचं काम तेवढं एकाकडे आलं.

आम्ही तीन भावंडं. थोरल्या दादांना वयाच्या पंचविशीच्या आत स्किझोफ्रेनिया झाला. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात, पण तो शब्द आम्ही डॉक्टरांच्या तोंडूनही कधी ऐकला नाही. हा विहार बांधला गेला तेव्हा पायाच्या खड्ड्यापासून स्लॅबपर्यंत ज्यांनी श्रमदानाची घमेली उचलली, त्यांत दादा होते. जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यांचा आवाज चांगला. रविवारच्या वंदनेला त्रिसरण-पंचशील तेच द्यायचे. मग आजार आला. दोन-अडीच वर्षं फार वाईट गेली. रात्री-अपरात्री घराबाहेर पडायचं, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असं म्हणायचं, आंघोळ नाही, पोटभर जेवण नाही. एकदा शेजारच्या खिडकीची काच फुटली. हे सगळं वस्तीने पाहिलं. मग औषधं लागू पडली. गेली बरीच वर्षं गोळ्या नियमित चालू आहेत, आणि एका छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला दादा रोज वेळेवर जातात. मालकाची तक्रार नाही.

तर एका वर्षी, याच वर्धापनदिनाला, वंदना घ्यायची होती आणि नेहमीचे गुरुजी यायला उशीर झाला. दादा उठले आणि माईककडे गेले. मागून आवाज आला, "अरे, येड्याच्या हातात माईक कुणी दिला?" चार-दोन जण हसले. दादांनी माईक होता तिथे ठेवला आणि खाली आले. बोलणारा माणूस वाईट नव्हे. आमच्या वडिलांच्या मयतीला त्याने खांदा दिलेला आहे. त्याच्या दृष्टीने ती चेष्टा होती, आणि संध्याकाळपर्यंत तो विसरूनही गेला असेल. तेव्हापासून दादा विहारात येतात, पण शेवटी, चपलांच्या रांगेपाशी बसतात.

आम्ही स्वतः धुतल्या तांदळासारखे आहोत असं कुणी समजू नये. धाकट्या बहिणीला पाहुणे बघायला आले तेव्हा आम्ही दादांना दोन दिवस मावशीकडे पाठवलं. पाहुण्यांनी विचारलं तर, 'थोरला कामानिमित्त बाहेरगावी असतो.' रोज मुसावादा वेरमणी म्हणणारी आम्ही माणसं! आणि त्याहून वाईट एक सवय आम्हाला लागली होती. दादा कुठल्याही गोष्टीवरून चिडले, म्हणजे भाजीत मीठ जास्त झालं म्हणून चिडले तरी, आमच्यापैकी कुणीतरी विचारायचं, "आज गोळी घेतली का?" यात शिवी नाही. पण या प्रश्नाने माणसाचा राग, त्याचं म्हणणं, त्याची तक्रार, सगळं आजाराच्या खात्यावर जमा होतं. दादांनीच एकदा सांगितलं, "मला येडा म्हणणाऱ्यांचं मला तेवढं लागत नाही. तुमची गोळी लागते." त्या दिवसापासून गोळीची चौकशी सकाळी एकदाच, चहाच्या वेळेला.

आता शब्दांकडे येऊ. आपल्या भाषेत यांचा काही तुटवडा नाही. वेडा, येडा, येडपट, खुळा, भ्रमिष्ट, चक्रम, पागल, मेंटल, सायको, डोक्यावर पडलेला, स्क्रू ढिला झालेला. शाळेच्या पोरांना विचारा, आणखी दहा सांगतील. यांतला प्रत्येक शब्द प्रत्येक वेळी वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. आई लेकराला 'वेडा कुठला' म्हणते, एखादा नाटकवेडा असतो, एखाद्याला क्रिकेटचं वेड असतं. या गोड वापरावर बंदी घालायला निघालो तर लोक आम्हालाच हसतील, आणि बरोबर हसतील. पण तोच शब्द जेव्हा आजारी माणसाच्या तोंडावर फेकला जातो, किंवा त्याच्या पाठीमागे त्याच्या नावाच्या जागी वापरला जातो, तेव्हा तो नाटकवेड्यातला वेडा राहत नाही. 'तो येड्याचा भाऊ', 'त्या येडीच्या घराशेजारी' अशी अख्ख्या घराची खूण होऊन बसते. पोस्टमनला पत्ता सांगतानासुद्धा.

दुसरा प्रकार इस्पितळाच्या नावाचा. आपल्या राज्यात ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मुंबईकडे 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणतात, पुण्याकडे 'येरवड्याचं तिकीट काढा' म्हणतात. (येरवडा म्हटलं की आपल्या समाजाला तिथला तुरुंग आणि १९३२ चा पुणे करार आठवायला हवा, पण विनोद म्हणून ऐकू येतं ते भलतंच.) कॅन्सरच्या इस्पितळाच्या नावाने कुणी विनोद करत नाही. मनाच्या इस्पितळाचं नाव मात्र शिवी झालं, आणि शिवी झालेल्या दारात माणूस आपल्या बायकोला, मुलाला न्यायला धजत नाही. आम्ही स्वतः जवळजवळ दीड वर्ष धजलो नाही. त्या दीड वर्षात एका भगताकडे गेलो, त्याने 'बाहेरचं आहे' म्हणून सांगितलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून आम्ही लिंबू घेऊन गेलो होतो, हे आज सांगताना मान खाली जाते. 'बाहेरचं', 'लागीर', 'बाधा' हीसुद्धा लेबलंच आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा ठरवला. पण शब्द उतरवायला कायदा पुरत नाही.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. शंभर प्रौढांमागे १०.६ जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. म्हणजे या सभागृहात दोनशे माणसं बसली असतील तर वीसेक जण आपल्यातलेच. आणि वेगवेगळ्या आजारांमध्ये मिळून ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना राहतात, असं त्याच पाहणीत दिसलं. उपचार नसण्याला डॉक्टरांचा तुटवडा, पैसा, अंतर अशी कारणं आहेतच. पण 'लोक काय म्हणतील' हे एक मोठं कारण आहे, आणि ते लोक म्हणजे आपण.

आता धम्माच्या अंगाने बघू. सम्यक वाचा आपण पाठ केली आहे. खोटं बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, व्यर्थ बडबड करू नये. पण विनयपिटकात यापेक्षा बारकाईने काम झालेलं आहे, आणि ते आपल्या प्रवचनांत फारसं येत नाही. भिक्खूंच्या पाचित्तिय नियमांमध्ये दुसराच नियम अपमानकारक बोलण्याचा आहे, त्याला ओमसवाद म्हणतात. षड्वर्गीय म्हणून ओळखले जाणारे सहा भिक्खू इतर भिक्खूंना टोचून बोलायचे, त्यावरून हा नियम झाला. माणूस दुसऱ्याला कशाकशावरून हिणवतो, त्याच्या दहा बाबी तिथे मोजल्या आहेत : जात, नाव, गोत्र, काम, कारागिरी, आजार, शरीराची ठेवण, मनाचे विकार, हातून घडलेले दोष आणि नुसत्या शिव्या. जातीच्या खाली चांडाल, निषाद ही नावं येतात. आजाराच्या खाली कोड, गळू, क्षय आणि फेफरं. उपासक हो, ज्या नियमात 'चांडाल' म्हणून हिणवणं दोष ठरलं, त्याच नियमात आजारावरून हिणवणंही दोष ठरलं आहे. आपण पहिला अर्धा भाग छातीशी धरला, आणि ते योग्यच केलं. दुसरा अर्धा वाचायचा राहून गेला.

अजून एक बारकावा. 'अपमान करायचा हेतू नव्हता, गंमत केली' असं म्हणणाऱ्यासाठीही तिथे जागा ठेवलेली आहे. चेष्टेने बोललं तरी दोष आहे, तो सौम्य आहे, त्याला दुब्भासित म्हणजे वाईट बोललेलं असं नाव आहे. समजावण्यासाठी, शिकवण्यासाठी बोललं तर दोष नाही. म्हणजे डॉक्टरला आजार सांगणं वेगळं आणि पानाच्या टपरीवर सांगणं वेगळं, हा फरक अडीच हजार वर्षांपूर्वी केलेला आहे.

याच नियमाच्या कथेत भगवंतांनी नंदिविशाल बैलाची गोष्ट सांगितली आहे. मुलांसाठी ती थोडक्यात सांगतो. तक्षशिलेत एका ब्राह्मणाचा बैल होता, पोटच्या पोरासारखा वाढवलेला. बैल म्हणाला, पैज लाव, मी शंभर भरल्या गाड्या एकदम ओढीन. ब्राह्मणाने हजाराची पैज लावली, शंभर गाड्या एकामागे एक बांधल्या आणि बैलाला हाक दिली, 'चल रे लबाडा, ओढ!' बैल खांबासारखा उभा राहिला. ब्राह्मण हरला आणि घरी जाऊन तोंड पाडून बसला. बैलाने त्याला विचारलं, मी तुमच्या घरात कधी मडकं तरी फोडलं का? मग मला लबाड का म्हणालात? आता दोन हजाराची पैज लावा, पण तसं म्हणू नका. दुसऱ्या दिवशी ब्राह्मणाने चांगल्या शब्दांत हाक दिली, आणि शंभर गाड्या हलल्या. आम्हाला या गोष्टीतलं आवडतं ते असं की बैलाची ताकद दोन्ही दिवशी तेवढीच होती.

नावाचं महत्त्व आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीत 'हरिजन' हा शब्द आला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. शब्द वरवर गोड होता, देवाचं माणूस असा अर्थ होता. पण ज्यांना तो लावायचा त्यांना विचारलं नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी पेढे वाटले! मग त्याच वस्तीत आपण एखाद्या घराला 'येड्याचं घर' म्हणतो, तेव्हा आपल्या कानाला ते का खटकत नाही, हे कोडं आम्हाला अजून उलगडलेलं नाही. कदाचित ज्याला खाली दाबलं गेलं आहे त्यालाही आपल्या खाली कुणीतरी लागतं. हे कडू आहे, पण बोलून टाकतो.

आता गग्ग भिक्खूंची हकिकत. दादांना ती आम्ही पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचायला लावली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भगवंतांच्या संघात गग्ग नावाचे एक भिक्खू होते. त्यांना मनाचा आजार झाला. उपोसथाच्या दिवशी कधी त्यांना आठवण राहायची, कधी राहायची नाही, कधी यायचे, कधी नाही. संघापुढे प्रश्न आला, पूर्ण संघ जमल्याशिवाय उपोसथ कसा करायचा? भगवंतांनी त्यांना संघातून काढा असं सांगितलं नाही. संघाने रीतसर संमती करावी की गग्ग येवोत वा न येवोत, त्यांना आठवो वा न आठवो, उपोसथ होईल. म्हणजे आजाराची नोंद झाली, पण ती कामाची अडचण सोडवण्यापुरती. माणूस संघातच राहिला.

पुढे गग्ग बरे झाले. आजारपणात त्यांच्या हातून, तोंडून भिक्खूला न शोभणारं बरंच काही घडलं होतं. बरे झाल्यावर काही भिक्खू त्यांना पुन्हा पुन्हा विचारू लागले, 'तुम्ही असं असं केलं होतं, आठवतं का?' गग्ग सांगत, 'मी तेव्हा आजारी होतो, भान नव्हतं, मला त्यातलं काही आठवत नाही.' तरी हे भिक्खू थांबेनात. गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. त्यांनी दोष कुणाला दिला? विचारणाऱ्यांना. आणि संघाला सांगितलं की गग्गांना अमूळ्हविनय द्या. गग्गांनी संघापुढे येऊन आपली बाजू तीन वेळा मांडायची, संघापुढे ठराव ठेवायचा, तो तीन वेळा पुकारायचा, आणि कुणाची हरकत नसली तर विषय कायमचा मिटला. त्यानंतर त्या जुन्या गोष्टीवरून बोट दाखवता येणार नाही. यात आंधळी दया नाही. ज्याला सगळं आठवतं आणि जो आजाराचं सोंग घेतो, त्याला हा निवाडा देऊ नये, हेही तिथेच सांगितलं आहे.

आमच्या शेजारची ती खिडकीची काच फुटून आता किती वर्षं झाली! काचेचे पैसे आम्ही त्याच आठवड्यात दिले होते. पण आजही दादा त्या गल्लीतून गेले की कुणीतरी पोराला आत बोलावतं.

पटाचारेची कथा आपल्या महिला मंडळाला ठाऊक आहे. श्रावस्तीच्या श्रीमंत घरची मुलगी, नोकराबरोबर निघून गेलेली. नवरा सर्पदंशाने गेला, एक लेकरू ससाण्याने उचललं, दुसरं नदीत वाहून गेलं, आणि माहेरी पोहोचते तो वादळात घर कोसळून आई-वडील आणि भाऊ गेलेले. अंगावरच्या वस्त्राचं भान राहिलं नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते, ढेकळं मारत होते. जेतवनात लोक तिला आत येऊ देईनात, तेव्हा भगवंतांनी तिला येऊ द्या म्हटलं, आणि हाक मारली ती 'भगिनी' अशी. एकाने आपलं उपरणं तिच्या अंगावर टाकलं. पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली. ज्या दिवशी तिला ढेकळं मारली गेली त्या दिवशी हे कुणाला दिसलं असतं?

एक गोष्ट मात्र आपल्याच लोकांना सांगायला हवी. धम्म सगळा मनाचा आहे असं म्हणत काही उपासक आजारी माणसाला सांगतात, 'तुझं मन कमकुवत आहे, ध्यानाला बस, गोळ्या सोड.' कमकुवत मनाचा हेही एक लेबलच, फक्त ते धम्माच्या कागदात गुंडाळलेलं. अंगुत्तर निकायात शरीराचे रोग आणि मनाचे रोग असे दोन सांगितले आहेत आणि मनाच्या रोगातून क्षणभरही मोकळी असणारी माणसं दुर्मिळ आहेत, असं म्हटलं आहे. तिथे रोग म्हणजे लोभ, द्वेष, मोह. तो आपल्या सगळ्यांनाच आहे. मेंदूचा आजार ही वेगळी बाब आहे, तिला डॉक्टर लागतो. विपश्यना केंद्रांच्या नियमांतसुद्धा गंभीर मानसिक आजार असलेल्यांबाबत सावधगिरीची सूचना असते. दादांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून एकदा गोळ्या सोडल्या होत्या. पाच महिन्यांची मेहनत तीन आठवड्यांत गेली.

कायद्याचं थोडक्यात. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्याचं नावच लुनसी ॲक्ट होतं, आणि लुनॅटिक हा शब्द चंद्रावरून आलेला. चंद्राच्या कलेप्रमाणे माणूस बिघडतो अशी तिकडची समजूत. तो कायदा जाऊन १९८७ चा आला, त्याचा अंमल १९९३ पासून झाला. आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्यात 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' असा शब्द आहे, आणि मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणाला विकल मनाचा समजू नये, ते ठरवणं सक्षम न्यायालयाचं काम, असं स्पष्ट लिहिलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जी २१ दिव्यांगत्वं दिली आहेत त्यांत मानसिक आजार आहे. दिव्यांग व्यक्तीला लोकांसमोर, मानहानी करण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमानित केलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडही होऊ शकतो. ॲट्रॉसिटी कायदा आपल्याला कलमांसकट पाठ असतो, हाही माहीत असावा. आमचा कुणावर केस करायचा विचार नाही, काळजी नसावी.

आणि भगिनींसाठी एक. 'येडी आहे' म्हणून बाईला माहेरी आणून सोडायचं, पोरं ठेवून घ्यायची, हा प्रकार आपल्या वस्त्यांत झालेला आहे. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याखाली घटस्फोटासाठी नुसता आजार पुरत नाही. तो इतका असावा लागतो की त्या व्यक्तीबरोबर संसाराची अपेक्षाच करता येऊ नये, आणि तेही कोर्टात सिद्ध करावं लागतं. सासूने ठरवून भागत नाही.

वर्तमानपत्रांबद्दल बोललं नाही तर विषय अपुरा राहील. कुठे पुतळ्याची विटंबना झाली की दुसऱ्या दिवशी 'माथेफिरूचे कृत्य' ही ओळ बऱ्याचदा ठरलेली. या शब्दाने एका दगडात दोन पक्षी मरतात. ज्याने ठरवून केलं आणि ज्याने करवलं, तो आजाराच्या आड सुटतो, आणि ज्यांनी आयुष्यात कुणाच्या अंगावर हात टाकला नाही ते सगळे आजारी संशयित होतात. आरोपी खरोखर आजारी असेल तर ते डॉक्टरांनी तपासून कोर्टात सांगावं. बातमीदाराने त्याच रात्री सांगायची घाई करू नये, आणि आपणही मोर्चात तो शब्द उचलू नये.

आता कुणी म्हणेल, शब्द बदलून काय होतं? मतिमंद हा एकेकाळी डॉक्टरांचा शब्द होता, त्याची शिवी झालीच की. खरं आहे. (आणि मतिमंदत्व व मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेही कुणी ध्यानात घेत नाही.) तरी जपानचं उदाहरण सांगतो. तिथे स्किझोफ्रेनियाला 'मन दुभंगल्याचा आजार' अशा अर्थाचं नाव होतं. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९९३ मध्ये ते बदलण्याची मागणी केली, आणि २००२ मध्ये 'मनाचा मेळ बिघडल्याचा विकार' अशा अर्थाचं नाव आलं. त्यानंतर रुग्णाला त्याचा आजार उघडपणे सांगणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाण वाढलं. आधी सांगायलाच संकोच वाटायचा. शब्दाने आजार बरा होत नाही, पण दवाखान्याचं दार थोडं किलकिलं होतं.

मग काय म्हणायचं? त्याचं नाव घ्या. दादा, काका, अमक्याची आई, जे आधी म्हणत होता तेच. आजाराबद्दल बोलण्याची गरज पडली तर आजार आहे, उपचार चालू आहेत, असं म्हणा. मधुमेह झालेल्याच्या बाबतीत आपण एवढंच म्हणतो. हा मजकूर पुरा झाल्यावर आम्ही दादांना वाचायला दिला. त्यांनी दोन दिवस ठेवला आणि एकच दुरुस्ती केली. आम्ही एका ठिकाणी त्यांच्याबद्दल 'बिचारे' लिहिलं होतं. त्यांनी ते पेनाने खोडलं आणि समासात लिहिलं, 'हे पण नको.'

समितीला आमच्या तीन विनंत्या आहेत. आपल्या जयंतीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात दरवर्षी एक तरी येड्याचं पात्र असतं, फाटका शर्ट, तोंडातून लाळ. मुलं टाळ्या पिटतात. ते पात्र यंदापासून वगळावं, नाटुकली बसवणाऱ्यांना दुसरा विनोद सुचेल. दुसरं, विहाराच्या फलकावर टेलिमानस या सरकारी मोफत दूरध्वनी सेवेचा क्रमांक लिहावा, १४४१६. तो १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाला. त्यावर मराठीतही बोलता येतं, नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. फलक रंगवायचा खर्च आम्ही देऊ. १० ऑक्टोबरनंतर चारच दिवसांनी आपला १४ ऑक्टोबर येतो, त्या आठवड्यात एखाद्या डॉक्टरांना इथे बोलवावं.

तिसरी विनंती अशी की रविवारची वंदना पाळीपाळीने घेण्याची यादी समिती दर महिन्याला लावते. त्या यादीत दादांचं नाव घालावं. त्यांना आम्ही विचारलं आहे. ते लगेच हो म्हणाले नाहीत, पण 'यादी लागली तर बघू' म्हणाले. यादी येत्या शनिवारी लागते.